टाकाऊ वस्तूंतून मॉडेलचा पोत: जांभा, मंगलोरी कौलं आणि पन्हाळी पत्रा (प्रमाण १:५०)

कौलारू

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं घर येत्या मे महिन्यात उतरवायचं ठरलं आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि पडवी, मागे न्हाणीवर पन्हाळी पत्रा. सगळ्या भावंडांच्या सोयीने तिथे स्लॅबचं घर होणार आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण उतरवण्याआधी टेप घेऊन अख्खं घर मोजून आणलं आणि गेले आठ महिने त्याचं १:५० मॉडेल करतो आहे. म्हणजे खरा १ मीटर तिथे २ सेंटीमीटर.

सांगाडा करड्या पुठ्ठ्याचा केला, ते काही अवघड नाही. खरी कसोटी पोताची. त्यात जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतोय, आणि जे अडलंय ते विचारायचंही आहे.

पहिली भिंत थर्माकोलची केली होती, कारण सगळे तेच सुचवतात. खडबडीत असतो, कोरायला सोपा. रंग दिल्यावर मात्र ती भिंत कुठल्याही बाजूने जांभ्याची वाटेना. दोन दिवस कारण कळत नव्हतं. मग पट्टी लावली. थर्माकोलचा एक दाणा ३ ते ५ मिलिमीटरचा. आमच्या घरचा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) दर्शनी बाजूने १४ इंच लांब आणि ७ इंच उंच, म्हणजे मॉडेलमध्ये सुमारे ७ बाय ३.५ मिलिमीटर. थर्माकोलचा एकेक दाणा जवळजवळ चिऱ्याच्या उंचीएवढा! जांभ्यातली भोकं दाखवायला मी जे वापरत होतो, त्याचंच भोक खऱ्या मापात वीतभर होत होतं.

तेव्हापासून क्रम बदलला. आधी खऱ्या वस्तूचं माप घ्यायचं, ५० ने भागायचं, आणि मग पट्टी घेऊन घरभर त्या मापाची वस्तू शोधायची. ‘दगडासारखं दिसतं’ म्हणून काही उचलायचं नाही.

जांभ्याची भोकं साधारण अर्धा ते दोन सेंटीमीटर. ५० ने भागलं की ०.१ ते ०.४ मिलिमीटर. एवढं बारीक घरात काय असतं? टूथब्रशचा केस. साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे त्याचं भोक बरोबर १ सेंटीमीटरचं.

कृती अशी. पुठ्ठ्यावर वॉल पुट्टीत थोडं फेव्हिकॉल घालून मिलिमीटरभर जाडीचा हात द्यायचा. बोटाला चिकटायची थांबली पण नख अजून रुततंय, अशा वेळी ब्रश घ्यायचा. जुन्या ब्रशचे केस कात्रीने ३-४ मिलिमीटरवर कापून घ्या, नाहीतर ते वाकतात आणि भोकांऐवजी ओरखडे येतात. ब्रश घासायचा नाही, सरळ उभा टोचायचा, आणि दर वेळी थोडा फिरवायचा, म्हणजे केसांच्या रांगा उमटत नाहीत. मग स्टीलची पट्टी धरून रिकाम्या रिफिलने ३.५ मिलिमीटरवर थरांच्या आडव्या रेघा आणि सांधा मोडून उभ्या रेघा. दहा फूट उंचीच्या भिंतीत १७ थर बसले. घरी जाऊन मोजले तर तिथेही १७.

रंग गेरूचा. गेरू पाण्यात कालवून त्यात फेव्हिकॉलचे चार थेंब. पूर्ण वाळण्याआधी ओल्या फडक्याने वरचेवर पुसलं की भोकांत गडद रंग राहतो आणि वरचा भाग फिका होतो. मधूनमधून मुलतानी मातीचे पिवळट डाग, कारण जांभा एकरंगी कधीच नसतो. जोत्याजवळच्या दोन थरांना काळपट हिरवा हात, पावसाचे शिंतोडे उडतात तिथे.

अडलंय ते असं: न्हाणीवरचा पन्हाळी पत्रा आणि शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे घराचं अंगण. पत्र्यासाठी खोक्यातला नालीदार कागद लावून पाहिला, फारच मोठा वाटतो. कुणी केलंय का?


रद्दीतलं सोनं

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. तुमची पट्टी लावायची रीत फार आवडली. मी वाड्यांची मॉडेलं करते, तिथे हे मी अंदाजाने करत होते.

कौलांबद्दल तुम्ही लिहिलंच नाही! ती कशाची केली? मी लग्नपत्रिकांच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापून लावते. पत्रिकेच्या कागदाला स्वतःचा हलका खरखरीतपणा असतो, रंग छान धरतो. पण मंगलोरी कौलाच्या पन्हळी त्यात दाखवता येत नाहीत, दुरून सपाट दिसतं.


रूळजोड

पत्र्याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी १:८७ मध्ये घाटातल्या स्टेशनचा देखावा करतो, तिथे शेडांना पत्रेच पत्रे लागतात.

पन्हाळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांतलं अंतर ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर. ५० ने भागलं की दीड मिलिमीटर. तुम्ही म्हणता त्या खोक्याच्या कागदातली नाली सहसा ३ मिलिमीटरच्या पुढेच असते, म्हणून ती दुप्पट दिसते. आता हार्डवेअरच्या दुकानात जा आणि १० मिलिमीटरचा लांब बोल्ट किंवा आट्यांची सळई घ्या. नेहमीच्या १० मिलिमीटर बोल्टच्या दोन आट्यांतलं अंतर नेमकं दीड मिलिमीटर असतं. तुमचं काम झालं.

केटरिंगवाले भाजी देतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा तळ सपाट कापून घ्या. स्वयंपाकघरातली गुंडाळी फार पातळ, ती फाटते. खाली सायकलची जुनी ट्यूब उलगडून पसरा, वर पत्रा, आणि बोल्ट दोन्ही टोकांना धरून जोर देत सरळ पुढे लोळवा. एकदाच. मागेपुढे केलं की रेघा दुहेरी होतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. आटे तिरपे असतात, त्यामुळे पत्र्यावर उमटणाऱ्या रेघाही तीनेक अंशांनी तिरक्या येतात. पत्रा आधी मापात कापलात तर छपरावर वाकडा दिसेल. मोठा तुकडा घ्या, लोळवा, आणि मग उमटलेल्या रेघेला पट्टी लावून कापा. मी हे कळेपर्यंत चार शेडा वाया घालवल्या.

मी १:८७ साठी ५ मिलिमीटरचा बोल्ट वापरतो. त्याचं अंतर ०.८ मिलिमीटर, हिशोबाला जवळ आहे.


कौलारू

रूळजोड, तुमचा प्रतिसाद वाचून तासाभरात बोल्ट आणला. बारा रुपये. पहिलाच तुकडा बरोबर आला. न्हाणीचं छप्पर झालं. मनापासून आभार.

रद्दीतलं सोनं, कौलांची गोष्टही त्याच डब्याच्या अ‍ॅल्युमिनियमची आहे, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे.

आमचं कौल १६ इंच लांब, पण एकावर एक बसल्यावर दिसतं तेवढा भाग सव्वाबारा-साडेबारा इंच लांब आणि साधारण सव्वाआठ इंच रुंद. मॉडेलमध्ये ६.४ बाय ४.२ मिलिमीटर. एका कौलाला दोन पन्हळी, म्हणजे एक पन्हळ २.१ मिलिमीटरची. आता २.१ मिलिमीटर अंतराने ओळीत असणारं काय? कंगवा. पट्टी घेऊन दुकानात गेलो आणि दात मोजले: ४२ मिलिमीटरमध्ये बरोबर २० दात भरतील असा जाड दातांचा कंगवा हवा होता. तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानदाराने कारण विचारलं, मी फोनमधले घराचे फोटो दाखवले, तर त्याने आतून जुन्या मालाची पेटी काढून दिली.

८ मिलिमीटर रुंदीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कंगव्याच्या दातांवर आडवी ठेवायची आणि वरून खोडरबर दाबत घासायचा. पन्हळी उठतात. मग पट्टी काढून एकाआड एक खाच रिकाम्या रिफिलने थोडी खोल करायची, तो दोन कौलांमधला सांधा. खालची कड कात्रीने किंचित दातेरी करायची. पट्ट्या खालून वर लावत जायच्या, पागोळीकडून आढ्याकडे, खरी कौलं चढवतात तशाच.

रंगासाठी लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइड प्रायमर. अ‍ॅल्युमिनियम आधी झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. प्रायमरमधल्या द्रावणाने थर्माकोल विरघळतो, तेव्हा कुणी थर्माकोलचा सांगाडा केला असेल तर पट्ट्या बाहेर रंगवून, पूर्ण वाळवून मगच चिकटवा.

एक चौरस मीटरला सुमारे १५ कौलं बसतात. आमचं छप्पर १३० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास १९५० कौलं. पट्ट्यांत केल्यामुळे ते शक्य झालं. आणि सगळी एका रंगाची ठेवू नका. दर वर्षी पावसाआधी फुटलेली कौलं बदलतात, त्यामुळे जुन्या छपरावर नवी लाल कौलं मधूनमधून विखुरलेली असतात. मी पन्नासेक कौलांना नंतर गेरूचा ताजा हात दिला आणि छप्पर एकदम ओळखीचं झालं.


घाटवाट

आम्ही पुण्याकडचे, आमचा दगड काळा. सोसायटीतल्या पोरांना घेऊन दिवाळीचा किल्ला करतो. त्यात प्रमाण वगैरे नसतं. पोतं, माती, वर हळिवाची हिरवळ. गेल्या वर्षी मात्र एका बुरुजाचं वेगळं १:५० मॉडेल केलं, त्याचा अनुभव.

घडीव काळ्या दगडासाठी अंड्यांचा कागदी ट्रे. तो लगद्याचा असतो, त्याचा खरखरीतपणा टाकीच्या (छिन्नीच्या) घावांसारखा दिसतो. सपाट भाग कापून ६ ते १० मिलिमीटरचे तुकडे करा, म्हणजे खरे एक-दीड फुटाचे दगड. कडा कात्रीने न कापता नखाने थोड्या दाबून गोल करा. पोरांना एकेक वाटी दिली, दोन संध्याकाळींत आठशे दगड तयार. फेव्हिकॉलने चिकटवले, दगडांमधल्या दर्जांमध्ये (सांध्यांमध्ये) रांगोळी आणि फेव्हिकॉलचं पातळ मिश्रण, वर काळ्यात थोडा निळा आणि थोडा पांढरा मिसळून रंग. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने राखाडी रंग नुसता वरून फिरवायचा, सगळ्या कडा उठून येतात.

कौलारूंना विचारायचं होतं: पुट्टीत मीठ मिसळून, वाळल्यावर पाण्यात विरघळवून भोकं पाडतात असं ऐकलंय. तुम्ही केलं का?


कौलारू

केलं. चालतं, पण मिठाचा दाणा ०.३ ते ०.५ मिलिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापात दीड-अडीच सेंटीमीटरचं भोक. १:५० ला थोडं मोठंच. मिक्सरमध्ये फिरवून गाळलं तर ठीक. पण नंतर चार वेळा स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर महिन्याभराने भिंतीवर पांढरं फुटतं, खऱ्या भिंतीला लोणा लागतो तसं.

घरात कुणी मिठाऐवजी साखर घालून पाहायच्या विचारात असेल तर थांबा. पुट्टीत पांढरं सिमेंट असतं आणि साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. माझा एक तुकडा तिसऱ्या दिवशीही बोटाने खरवडता येत होता.


रूळजोड

खायच्या वस्तूंचा विषय निघालाच आहे तर सांगतो. रुळांखालची खडी करायला मी रवा वापरला होता. दाणा अर्धा-पाऊण मिलिमीटर, १:८७ ला माप अगदी नेमकं. फेव्हिकॉलचं पाणी सोडून घट्ट केला, काळा रंग दिला, दिसायला अप्रतिम. पावसाळ्यात त्यात टोके (धान्यातले किडे) झाले. दोन महिन्यांचं काम उचलून गच्चीत टाकावं लागलं. रवा, कणीक, डाळी, काहीही वापरू नका, रंगाच्या आत असलं तरी. बांधकामाची क्रश सँड मागून आणा आणि दोन चाळण्यांतून चाळा: चहाच्या गाळणीतून पडेल पण तलम कापडातून पडणार नाही, तेवढीच ठेवा.

वापरलेली चहा पावडर चालते, झाडाखालच्या पाचोळ्याला आणि मातीला. पण कडकडीत उन्हात तीन दिवस वाळवून. ओल राहिली की बुरशी.


थर आणि नळी

धागा वाचतोय, मेहनतीला सलाम. पण एक प्रामाणिक प्रश्न. आता थ्री-डी प्रिंटर घरोघरी आलेत, माझ्याकडेही आहे. कौलाचं एक मॉडेल संगणकावर काढलं की हवी तितकी कौलं निघतात, सगळी मापात. मग कंगवा शोधत तीन दुकानं का फिरायची?


कौलारू

प्रश्न रास्त आहे. मीही ओटीचे कातीव खांब आणि खिडक्यांचे गज मित्राकडून छापून घेतले, ते हाताने तितके एकसारखे झाले नसते.

कौलांचे नमुने छापून पाहिले. साध्या प्रिंटरचा एक थर ०.२ मिलिमीटरचा, म्हणजे १:५० ला १ सेंटीमीटरची पायरी. उतरत्या छपरावर त्या पायऱ्या दिसतात. बारीक थर किंवा रेझिन वापरून ते टळतं, हे मान्य. पण अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावताना किंचित हलते, एखादं कौल वर उचललेलं राहतं, एखादं सरकतं. खऱ्या छपरावर माकडं नाचून गेल्यावर जे दिसतं, ते त्यात आपसूक येतं.


थर आणि नळी

समजलं. मी तरी छापूनच करीन, पण कौलं ओळीत न ठेवता प्रत्येकाला थोडा कोन देऊन पाहतो. झालं की इथे टाकतो.


वहीखातं

वडिलांचा बुकबायंडिंगचा व्यवसाय होता, त्यामुळे पुठ्ठ्याबद्दल दोन शब्द.

कौलारू, तुम्ही पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला पुट्टी लावताय. तो वाळताना त्या बाजूला ओढला जाणार. भिंत आज सरळ दिसली तरी पावसाळ्यात धनुष्यासारखी होईल. बाबा नेहमी सांगायचे, एका बाजूला कागद चढवला की दुसऱ्या बाजूलाही चढवायचाच, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी. पुट्टी लावायच्या आधी आतल्या बाजूला साधा कागद खळीने (शिजवलेल्या पिठाच्या चिकीने) चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. कागद आणि पुठ्ठा दोन्ही सहज वाकतात ती दिशा एकच ठेवा.

खळ करताना चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर लागते. मोरचूद विषारी आहे, त्याचं भांडं वेगळं ठेवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. किंवा खळ टाळून नुसतं फेव्हिकॉल वापरा, कसर त्याला तितकी लागत नाही.


कौलारू

वहीखातं, ताई, तुमचा प्रतिसाद आला तेव्हा माझी मागची भिंत खरंच ४ मिलिमीटर फुगलेली होती आणि मी ती ओढून-ताणून बसवायच्या बेतात होतो. ती काढली, आतून कागद चढवला, दोन शब्दकोशांखाली ठेवली. आज सरळ आहे. बाकीच्या तिन्ही भिंतींना तेच केलं.

खळ्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.


परसदार

खळ्यासाठी मी सांगते, कारण मी लहानपणी दर आठवड्याला सारवलंय. सारवण म्हणजे नुसता शेणाचा रंग नव्हे, त्यात हाताचे फेर दिसले पाहिजेत. उकिडवं बसून हात पुरतो तेवढा अर्धवर्तुळाकार फेर, मग मागे सरकून पुढचा. एक फेर साधारण दीड फुटाचा, तुमच्या मापात ९ मिलिमीटर.

पुट्टीत गाळलेली माती मिसळा. ताठ केसांचा ब्रश, भिंतीच्या रंगाचा जुना झालेला असतो तो, अर्धवट वाळल्यावर ९ मिलिमीटरच्या कमानींत फिरवा. ओळी घराकडून अंगणाच्या टोकाकडे जाऊ द्या, कारण सारवणारी बाई स्वतःच्या पाऊलखुणा टाळत मागे सरकते. रंगाला दाट उकळलेला चहा आणि चिमूट हळद. तुळशीवृंदावन शाळेच्या खडूतून ब्लेडने कोरा, मऊ असतो आणि चुना दिल्यासारखाच दिसतो.


दूरदेशी

मी न्यू जर्सीत असते. इथे गेरू सहज मिळत नाही. मातीची फुटकी कुंडी पॉलिश पेपरवर घासून पूड काढली, गाळली, फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात मिसळली. रंग थोडा नारिंगी येतो, त्यात कोळशाची चिमूट टाकली की जांभ्याजवळ जातो. कंगव्याची युक्ती इथल्या डॉलर स्टोअरमध्ये चालली. आम्ही सावंतवाडीकडचे. आमचं घर दहा वर्षांपूर्वी पडलं, फोटो मोजकेच आहेत. फोटोंवरून माप कसं काढावं?


कौलारू

दूरदेशी, फोटोत कौलं किंवा चिऱ्यांचे थर दिसत असतील तर तीच तुमची पट्टी. थर मोजा आणि ७ इंचांनी गुणा, भिंतीची उंची मिळेल. कौलांच्या ओळी मोजा आणि सव्वाबारा इंचांनी गुणा, छपराच्या उताराची लांबी मिळेल. गावातलं एखादं शेजारचं जुनं घर उभं असेल तर त्याचा चिरा कुणाला तरी मोजायला सांगा, चिऱ्याचं माप गावागणिक थोडं बदलतं.

परसदार, तुमच्या सांगण्यावरून खळं तिसऱ्यांदा केलं. कमानी घराकडून बाहेर नेल्या.

परवा मॉडेल गावी नेलं. मोठी काकू आता ८४ वर्षांची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. तिने खळ्यावरून बोट फिरवलं, मग भिंतीवरून, मग छपरावरून, आणि मागच्या पाखावर हात थांबवून विचारलं, “स्वयंपाकघर इथंच ना? मग चुलीवरची कौलं काळी नाहीत का केलीस?”

त्याच रात्री तेलाचा दिवा लावून वर स्टीलची ताटली धरली आणि काजळी जमवली. पातळ फेव्हिकॉलमध्ये कालवून चुलीच्या वरच्या कौलांना आतून-बाहेरून लावली. किती कौलं, ते मला आठवत नव्हतं. तिने सांगितलं: दोन ओळी, एकेका ओळीत सात, आणि मधलं एक काचेचं. काचेच्या कौलासाठी औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा पारदर्शक तुकडा कंगव्यावर दाबला. प्लॅस्टिकवर पन्हळ टिकत नव्हती, म्हणून कंगवा आधी गरम पाण्यात बुडवून घेतला. मग टिकली.